खांदमळणीचा दिवस, मसाई मारात

पहाटेचे साडेचार. तंबूच्या कापडावर रात्रभर साचलेलं दव चेन उघडताना थेट मनगटावर ओघळतं आणि उरलीसुरली झोप उडते. माझ्याकडे दोन घड्याळं असतात. हातातलं केनियाचं आणि खिशातलं घरचं, अडीच तास पुढचं. औंढा तालुक्यातल्या आमच्या गावात आत्ता सात वाजलेत. बापू, माझे वडील, पिकाच्या जागलीवरून परतून, चहा घेऊन आडवे झाले असतील. उद्या पोळा. म्हणजे आज खांदमळण. संध्याकाळी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची. लहानपणी हे काम माझ्याकडे असायचं. हळदीचे पिवळे हात चार-चार दिवस निघायचे नाहीत.

मी टूर मॅनेजर आहे. हिंगोली, नांदेड, परभणीकडची मंडळी घेऊन वर्षातून तीन-चार वेळा आफ्रिकेत येतो. या खेपेला अठरा जण आहेत, तीन गाड्या. हळदीच्या मोंढ्यातले एक आडते आणि त्यांच्या पत्नी, नांदेडचं डॉक्टर जोडपं, दोन निवृत्त शिक्षक, एका बँक अधिकाऱ्याचं कुटुंब. शिवाय कळमनुरी तालुक्यातल्या एक काकू, वय अडुसष्ट, नातवाच्या आग्रहाखातर आलेल्या. विमानाचाही त्यांचा पहिला प्रवास हाच. निघताना त्यांनी मला विचारलं होतं, "जनावरं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं रे? आपल्याकडं रोही काय कमी हायेत का?" रोही म्हणजे नीलगाई. तेव्हा मी हसलो होतो. पण तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तंबूतंबूपाशी जाऊन हाक मारायची, पण एकट्यानं फिरायचं नाही. बरोबर अस्करी असतो, म्हणजे राखणदार. हातात काठी आणि बॅटरी. रात्री नदीतला पाणघोडा चरायला वर येतो आणि पहाटे परत पाण्याकडे जातो. त्याच्या आणि पाण्याच्या मधे माणूस आला तर तो थांबत नाही. आजही सहाव्या तंबूमागे ताजा माग होता. चार बोटांचा ठसा, माझ्या पंजापेक्षा मोठा, आणि दोन्ही बाजूंचं गवत विळ्यानं कापल्यासारखं आखूड.

सव्वापाच. चहा. इथेही त्याला 'चाय'च म्हणतात. चपातीला चपाती, गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', दुकानाला 'दुका'. किनाऱ्यावर आपल्याकडचे व्यापारी आले आणि पुढे १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधायला तीस हजारांवर हिंदी मजूर आले, त्या सगळ्या येण्याजाण्यात हे शब्द स्वाहिलीत राहिले. पहिल्या दिवशी आमच्या लोकांनी चालकाला 'दादा' म्हणून हाक मारली तेव्हा तो गाडीला टेकून हसत सुटला. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ. तेव्हापासून तो सगळ्यांचा काका झाला. अडुसष्ट वर्षांच्या काकूसुद्धा त्याला काकाच म्हणतात.

हा काका मसाई आहे. लहानपणी गुरं राखली, मग वाटाड्याची परीक्षा देऊन गाडीवर आला. वीस वर्षांत मी पुष्कळ चालकांबरोबर फिरलोय, पण नजर अशी कुणाची पाहिली नाही. त्यानं मला एकदा सांगितलं होतं, की सिंह आधी गवतात दिसत नाही, तो दुसऱ्या जनावरांच्या माना कुठे वळल्यात त्यावरून दिसतो. गुराख्याचं शिक्षण ते. बापूही असेच टिटवीच्या ओरडण्यावरून सांगतात, रोही कुठल्या बांधाकडून येताहेत.

आकाश अजून काळं. पूर्वेला चतुर्दशीची कोर, नखाच्या कडेएवढी, आणि तिच्या वर शुक्र. नांदेडच्या डॉक्टरांनी मोबाइल काढला, मग तसाच खिशात ठेवून नुसते बघत राहिले.

रोज सकाळी निघण्यापूर्वी मी तेच पाच-सहा नियम सांगतो. गाडीतून उतरायचं नाही. हात बाहेर काढायचा नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. जनावराला गाडी हा एक आकार म्हणून ओळखीचा झालेला असतो. त्यातून माणूस सुटा झाला की ओळख मोडते आणि मग ते पळतं किंवा अंगावर येतं. खिडकीच्या जागा रोज बदलतात, त्याची चिठ्ठी मी आदल्या रात्रीच लिहून ठेवतो. लोकांना क्षुल्लक वाटेल, पण पाच दिवसांच्या सहलीत भांडणं होतात ती खिडकीवरूनच.

सहा वाजता सेकेनानी फाटक. जुलै ते डिसेंबर परदेशी पाहुण्याला माणशी दोनशे डॉलर, आणि तिकीट बारा तासांचं; सकाळी सहाला आत, संध्याकाळी सहाला बाहेर. अठरा माणसांचे छत्तीसशे डॉलर एका दिवसाचे. मोंढ्यातल्या आडत्यांनी लगेच तोंडी हिशेब केला, तीन लाखांच्या वर. "हे पैसे जातात कुणाला?" त्यांनी विचारलं. नारोक काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कारभाराला, एवढं मी सांगितलं. उरलेलं उत्तर संध्याकाळी देतो म्हटलं. ते उत्तर दाखवावं लागतं.

मसाई मारा हे पंधराशे चौरस किलोमीटरचं राखीव रान. दक्षिणेला टांझानियाची हद्द लागली की सेरेंगेती सुरू होतं, ते याच्या नऊ-दहा पट. जनावरांना ही हद्द ठाऊक नाही. पाऊस जिकडे पडतो तिकडे ती जातात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कळप इकडे असतात.

पावणेसात. सूर्य नुकताच वर आलेला. काकानं गाडी एकदम हळू केली आणि इंजिन बंद केलं. डावीकडे आठ-दहा टोपी हरणं होती, त्यातली एक माचावरच्या पहारेकऱ्यासारखी वारुळावर उभी. सगळ्यांच्या माना एका दिशेला. त्या दिशेनं, कमरेइतक्या गवतातून, सिंहीण चालत आली.

ती आमच्या गाडीच्या दीड हातावरून गेली. इतक्या जवळून आधी आवाज येतो. गवताच्या काड्या मोडण्याचा, मग श्वासाचा. थंडीत तिच्या तोंडातून वाफ निघत होती. हनुवटीखालचे केस रक्तानं चिकटलेले, एका कानाचं टोक फाटलेलं, पायांवर दवानं भिजलेल्या गवताचं बी. गाडीच्या चाकोरीत रात्रीच्या पावसाचं पाणी साचलं होतं, तिथे ती पुढचे पाय वाकवून बसली आणि लपलप पाणी पिऊ लागली. पाणी पिताना एकदाच वर पाहिलं. डोळे मधाच्या रंगाचे. गाडीत सहा माणसं होती आणि कुणाच्याही श्वासाचा आवाज नव्हता.

ती उठली तेव्हा काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हिला पिल्लं हायेत. सड बघ की."

मी पाहिलं. पोटाखालचे केस ओले, चिकटलेले, सड ताणलेले. काकाला सांगितलं. त्यानं वळून काकूंकडे नीट पाहिलं, मग मान हलवली. म्हणाला, बरोबर. पिल्लं त्या ओढ्याच्या झुडपात असणार; पहिले पाच-सहा आठवडे ती कुणाला दाखवत नाही, कळपातल्या इतरांनासुद्धा. शिकार करून पाणी पिऊन आता ती पाजायला चाललीय. मागे जायचं नाही.

आणि आम्ही मागे गेलो नाही. काकानं बिनतारी यंत्रावरही काही सांगितलं नाही. एका जनावराभोवती पाचांहून अधिक गाड्या नकोत असा नियम आहे, पण एकदा बातमी गेली की पंचवीस गाड्या येतात आणि मग नियम कुणी मोजत नाही. त्या बाईनं पन्नास वर्षं म्हशींच्या धारा काढल्यात. तिनं जे पाहिलं ते माझ्या कॅमेरेवाल्या पाहुण्यांपैकी एकालाही दिसलं नव्हतं. जंगल पाहायला शेतकऱ्यानं यावं असं मला नेहमी वाटतं, त्याचं कारण हेच.

साडेआठ. न्याहरी. ठरवून दिलेल्या जागी, चारी बाजूंनी मोकळं मैदान पाहून, काका आधी गाडीनं एक फेरी मारतो, मग उतरू देतो. सतरंजी, उकडलेली अंडी, केळी, चपात्या, आणि आमच्या डब्यातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथकूट.

माराच्या मैदानात मैलोगणती गवत आणि मधेच एखादं एकटं झाड, सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं. बहुतेकांना ती बाभूळ वाटते. आम्ही बसलो होतो ते झाड बाभळीचं नव्हतं. हिरवे लांब काटे, जोडीजोडीनं आलेली जाडसर पानं, खाली पडलेली पिवळट फळं. निवृत्त शिक्षकांनी एक फळ उचललं, नखानं साल काढली, वास घेतला आणि म्हणाले, "अहो, हे हिंगणबेट आहे." त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडचं हिंगण आणि हे झाड एकाच कुळातली सख्खी भावंडं. आमच्याकडे आजी याच्या गराच्या फेसानं लुगडी धुवायची. इथे हत्ती आणि जिराफ हे झाड खातात. उंच झाडांचा खालचा भाग एका रेषेत छाटल्यासारखा दिसतो, ती जिराफाच्या जिभेची करणी. काकानं मसाई औषधातला त्याचा उपयोग सांगितला, शिक्षकांनी आपल्याकडचा सांगितला, आणि मी मधे बसून दोघांचं भाषांतर करत होतो. दहा मिनिटं कुणी जनावराचं नावही काढलं नाही. सहलीतल्या अशा दहा मिनिटांसाठी मी हा धंदा करतो.

साडेनऊला आम्ही मारा नदीच्या दिशेनं निघालो. आता कळप सुरू झाले. वाइल्डबीस्टला आपल्याकडे नाव नाही; स्वाहिलीत न्युंबू. तोंड गाईचं, आयाळ घोड्याची, पुढचं धड भरदार, मागचं उतरतं. दहा लाखांवर जनावरं दरवर्षी हा फेरा करतात असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं, बरोबर दोनेक लाख झेब्रे. आडते खिडकीतून एका नराकडे बघत म्हणाले, "अडीच क्विंटल." काकानं सांगितलं, भरलेला नर तेवढाच भरतो. सगळ्या गाडीनं टाळ्या वाजवल्या आणि मला पुन्हा आवाजाचा नियम सांगावा लागला.

मला स्वतःला इथलं गवत पाहायला आवडतं. झेब्रा आधी येतो आणि उंच, राठ गवताचे शेंडे खातो. त्याला ते पचतं. त्याच्या मागून न्युंबू येतो, त्याला खालचं पान हवं असतं, ते आता मोकळं झालेलं. त्याच्याही मागून छोटी थॉमसन हरणं येतात, जमिनीलगतचे कोवळे कोंब वेचतात. एकाच वावरात तीन पिकं घेतल्यासारखं. शेण पडतं, शेणकिडे ते गोळे करून मातीत पुरतात, पुढच्या पावसाला तिथेच पुन्हा गवत. आमच्या घरी जनावरांची संख्या कमी झाली आणि शेणखत विकत आणायची वेळ आली, तेव्हापासून हे बघताना माझा जीव तुटतो.

साडेदहा ते एक. नदी.

काठापासून बऱ्याच अंतरावर काकानं गाडी उभी केली. पलीकडच्या उंचवट्यावर हजारभर न्युंबू गोळा झाले होते. त्यांचा आवाज सतत चालू, घशातून काढलेला 'ग्नू, ग्नू', जणू मोठ्या आठवडी बाजाराचा लांबून येणारा कालवा. पुढचे काही काठाशी येत, पाण्याकडे बघत, मागे वळत, आणि पूर्ण कळप धुरळ्यात परत जाई. पाण्यात दोन मगरी होत्या, लाकडाच्या ओंडक्यांसारख्या. एकदा, दोनदा, पाच वेळा असं झालं. उन्हानं गाडीचा पत्रा तापला. डॉक्टर बाईंनी एका शिक्षकांचा रक्तदाब तपासला, मी सगळ्यांना पाणी दिलं.

मग काकानं गाडी आणखी मागे घेतली. मी विचारलं का. त्यानं आमच्या काठाकडे बोट केलं. कळप जिथून वर चढणार त्या उताराच्या तोंडाशीच सात-आठ गाड्या येऊन उभ्या होत्या. "त्यांना वाट दिसत नाहीये," तो म्हणाला. २०२५च्या जुलैत सेरेंगेतीतल्या नदीकाठी पर्यटक गाड्यांतून उतरून काठावर उभे राहिले आणि कळप बिचकून मागे फिरत राहिला. ते दृश्य जगभर फिरलं. आमच्या तिन्ही गाड्या मागे गेल्या. माझ्या एका पाहुण्यांचा पारा चढला. एवढे पैसे भरून लांबून का पाहायचं, असं ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं, तुम्हाला ते पाण्यात उतरलेले पाहायचेत ना, मग त्यांना चढायला जागा द्यायला हवी. ते गप्प झाले. पटलं की नाही, माहीत नाही.

पुढच्या गाड्या कशाबशा हलल्या. बारा वीसला आधी चार झेब्रे उतरले. त्यांच्या मागे एक न्युंबू, मग धरण फुटावं तसे सगळे. पाणी दिसेनासं झालं. नुसत्या शिंगांची, नाकपुड्यांची तपकिरी धार. काठावर चढताना चिखलात खुरं सटकण्याचा आवाज, एकमेकांवर आदळणारी शिंगं, ओल्या कातड्याचा वास. आम्ही इतके मागे असूनही तो वास आमच्यापर्यंत आला. सोळा मिनिटं. मगरीनं एक ओढला, आमच्यापैकी निम्म्यांना तो दिसलाही नाही.

सगळे चढून गेल्यावर एक वासरू खालच्या अंगाला वाहत आलं. फेब्रुवारीत जन्मलेलं असणार. यांची बहुतेक वासरं दोन-तीन आठवड्यांच्या अंतरात तेव्हाच होतात. काठ तिथे भिंतीसारखा उभा. त्यानं पुढचे पाय टेकवले, घसरलं. पुन्हा टेकवले, पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा डोकं पाण्याखाली गेलं. आडत्यांच्या पत्नी हात जोडून बसल्या होत्या. मग पाणघोड्यांनी पाडलेली एक घळ त्याच्या पायाला लागली आणि ते वर आलं. उभं राहिलं, थरथरत, आणि ओरडू लागलं. न्युंबूची आई फक्त स्वतःच्या वासराला पाजते, आवाजानं आणि वासानं ओळखून. दुसरी कुणी त्याला जवळ करत नाही. ते एका मादीकडे गेलं, तिनं शिंगानं लोटलं. दुसरीकडे गेलं. आम्ही निघालो तेव्हा ते अजून हाका मारत होतं. गाडीत परतीचा पाऊण तास कुणी बोललं नाही.

दुपारचं जेवण डब्यातलं, गाडीतच. पावणेतीनला चित्ता दिसला, मादी, दोन वाढत्या पिल्लांसह सावलीत झोपलेली. भारतातला शेवटचा चित्ता संपला, १९५२मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि २०२२च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले, ते सगळं पाहुण्यांना ठाऊक होतं. बँक अधिकाऱ्यांची मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण ह्याच्या घरी आलो तसा तो आपल्या घरी आला." दहा मिनिटं थांबून निघालो.

साडेचारला फाटकाबाहेर. खरं तर संध्याकाळी सहापर्यंत आत राहता येतं, बहुतेक टूरवाले राहतात. मी एक संध्याकाळ कायम बाहेर काढतो. आडत्यांना सकाळी कबूल केलेलं उत्तर इथे आहे.

साडेपाच. मसाई वस्ती. गोल काटेरी कुंपण, आत शेणामातीची बुटकी घरं, मधे गुरांची मोकळी जागा. पाहुण्यांसमोर उड्यांचा नाच होतो, मण्यांचे दागिने मांडतात, ते सगळं झालं. लोकांनी विकत घेतलं, मी घाई केली नाही. पण मला हवी होती ती सहाची वेळ. सूर्य उतरला आणि टेकडीकडून धुरळा उठला. गुरं घरी येत होती. मागे लाल चौकटीची चादर पांघरलेली दोन मुलं, खांद्यावर काठी आडवी टाकून दोन्ही हात तिच्यावर ठेवलेली. आमच्याकडचा धनगर घोंगडीत असाच चालतो.

यांच्या गाईंना वशिंड असतं. आपल्या गुरांच्याच जातकुळीच्या. काकू सरळ एका गाईपाशी गेल्या, आधी तिला हाताचा वास घेऊ दिला आणि मग वशिंडावर हात ठेवला. वस्तीतल्या म्हाताऱ्यानं काकामार्फत विचारलं, हिच्याकडे किती गाई आहेत? काकूंनी बोटं दाखवली, दोन. म्हाताऱ्याला वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. काकू मला म्हणाल्या, "आज खांदमळण. याला सांग." मी सांगितलं. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावायचं, उद्या त्याला कामाला जुंपायचं नाही, ओवाळायचं, पुरणपोळी भरवायची. म्हातारा ऐकत राहिला. मग आपल्या एका बैलाच्या मानेवर थाप मारून काहीतरी म्हणाला. काकानं भाषांतर केलं: "हे आम्हाला न सांगताही कळतं."

काकूंनी कनवटीची पुडी काढली. घरची हळद, प्रवासात जखमेला लागेल म्हणून आणलेली. चिमूटभर घेऊन त्या बैलाच्या खांद्यावर लावली.

अंधार पडला तसे कुंपणावर दिवे लुकलुकू लागले. एक इथे, एक तिथे, आळीपाळीनं. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे नावाच्या मसाई मुलानं हे अकराव्या वर्षी बनवलं. गाडीची जुनी बॅटरी, सौर पत्रा, मोटारसायकलच्या इंडिकेटरची डबी आणि मोडक्या बॅटऱ्यांचे दिवे. त्याच्या लक्षात आलं होतं, की स्थिर दिव्याला सिंह सरावतो, हलणाऱ्या दिव्याला घाबरतो. हलता दिवा म्हणजे माणूस जागा आहे. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचं वावर आलं. बांधावर चारी बाजूंनी ताणलेल्या जुन्या साड्या, झटका मशीनची तार, भोंग्यावर रात्रभर वाजणारा कुत्र्याचा आवाज. रोही महिन्याभरात भोंग्याला सरावतो. मग माणूस लागतोच.

आणि आता पैशाचं. काकाच्या घरची जमीन राखीव रानाला लागून आहे. सामाईक कुरणं वाटली गेली, प्रत्येकाच्या नावावर तुकडा आला, आणि लोकांनी तारेची कुंपणं घालायला सुरुवात केली. जनावरांच्या वाटा तुटल्या. मग जमीनमालकांनी एकत्र येऊन आपली सामाईक राखीव रानं केली. मारा नाबोइशो हे अशांपैकी एक, २०१०चं. कुंपण घालायचं नाही, ठरल्या वेळी ठरल्या जागीच गुरं चारायची, आणि तिथे तंबू चालवणाऱ्यांनी जमिनीचं भाडं दरमहा मालकाच्या खात्यात भरायचं. यातही तंटे आहेत. चराई कमी झाल्याची तक्रार आहे, बायकांच्या नावावर जमीन नसते म्हणून त्यांना पैसा मिळत नाही ही तक्रार त्याहून रास्त आहे. तरी मूळ गोष्ट माझ्या मनात घट्ट बसली. इथे माणसाला जनावर जिवंत असल्याचे पैसे मिळतात. आमच्याकडे रोही-डुकरांनी पीक खाल्लं की पंचनामा होतो आणि नुकसानीची मदत मिळते. एका वर्षी आमच्या घरी ती आली, बियाण्याची पिशवीही त्यात निघाली नाही. आणि ज्या वर्षी बापू रात्र-रात्र जागून पीक वाचवतात, त्या वर्षी त्यांना कुणी काही देत नाही. रोह्यांचा कळप मात्र त्यांच्याच बांधावर जगतो, वाढतो. त्या जगण्याचा खर्च हिंगोली जिल्ह्यातला शेतकरी आपल्या झोपेतून भरतो. हे मी आडत्यांना सांगितलं. ते बराच वेळ त्या दिव्यांकडे बघत उभे होते. म्हणाले, "मोंढ्यात माल येतो तेव्हा हे कुठं दिसतं."

साडेसात. जेवण. वरण-भात, इथल्या मुगाचं 'न्देंगू', कोबीची भाजी. मी उभ्यानं खातो, कारण तेव्हाच उद्याच्या सूचना द्यायच्या असतात. पासपोर्ट मोजले, औषधाच्या पेटीतल्या गोळ्या मोजल्या, शिक्षकांच्या तंबूत जास्तीची रजई पाठवली. जागांची चिठ्ठी लिहिली. उद्या पहिल्या गाडीत, काकाच्या शेजारी, काकू.

साडेआठ. घरी अकरा. आता बापू जागलीला गेलेले असतात, फोन वावरातल्या आखाड्यावरच लागतो.

"जेवलास का?" त्यांचा पहिला प्रश्न रोज तोच.

"जेवलो. खांदमळण झाली?"

"झाली. तुझ्या मायनं हळद जरा जास्तच लावली. सर्जा पिवळाधमक दिसायलाय." मग म्हणाले, "पाऊस लई झाला रे. वावरात पाय ठरना. पर शेंगा धरायल्यात, सोडता येत नाई."

मी त्यांना नदीचं सांगितलं, वासराचं सांगितलं. त्यांनी मधे काही विचारलं नाही. सिंहिणीचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "पिल्लं दिसली का?"

"नाही."

"दिसणार नाईत. लपवून ठेवती." थोडं थांबून, "म्हागं गेला नाईत ना?"

"नाही गेलो."

एवढ्यात तिकडे कुत्रं भुंकलं. "थांब," ते म्हणाले आणि फोन तसाच खिशात टाकला असावा. मला चिखलातली त्यांची पावलं ऐकू आली, पचक-पचक, मग डब्यावर काठीचे दोन ठोके, आणि मग त्यांचा हाकारा. पण नेहमीसारखा घसा फोडून काढलेला नव्हता. हलका, लांबट, घरच्या गुराला वळवतात तसा. इकडे माझ्या तंबूमागे कुठेतरी तरस ओरडलं आणि अस्करीची बॅटरी एकदा फिरली.

दोन-तीन मिनिटांनी फोन पुन्हा कानाशी आला. त्यांना धाप लागली होती.

"दोघी व्हत्या. तुरीत शिरल्या व्हत्या."

"मग?"

"एक गाभण व्हती. हळूच हाकलली."